मागच्या गाडीतला चालक

मोटार वाहन अधिनियम, १९८८ उघडला की दुसऱ्याच कलमात व्याख्या लागतात. त्यातली नववी व्याख्या ‘चालक’ या शब्दाची आहे. गाडी चालवतो तो चालक, असंच काहीतरी तिथे असेल या समजुतीने मी ती पहिल्यांदा वाचली. तसं तिथे नाही. एका मोटारीने ओढल्या जाणाऱ्या दुसऱ्या मोटारीत बसून जो तिचं सुकाणू धरतो, तोसुद्धा चालकच, एवढंच ती व्याख्या सांगते. इंग्रजी मजकुरात त्याच्यासाठी ‘स्टीअर्समन’ हा शब्द आहे, म्हणजे नावेवरचा सुकाणूवाला. इंजिन बंद, दिवे बंद, स्वतःहून एक वीतभरही पुढे जाऊ न शकणारी गाडी. तिच्यात बसलेल्या माणसाला कायद्याने आवर्जून चालक म्हटलं आहे. ही पुस्तिका त्या माणसासाठी लिहिली आहे. पुढच्या गाडीत बसणाऱ्याने ती वाचावी हे तर झालंच, पण त्याने ती मागच्या माणसाचा विचार करत वाचावी.

पुण्यात ‘टोइंग’ म्हटलं की डोळ्यांपुढे येते ती नो-पार्किंगमधल्या दुचाक्या उचलून नेणारी गाडी. इथला विषय तो नाही. ट्रकचे ड्रायव्हर आणि गॅरेजमधली पोरं ज्याला ‘टोचन’ म्हणतात, तो आहे. ‘कात्रजपासून टोचन करून आणली’ असं कुणी म्हटलं की ऐकणाऱ्याला सगळं चित्र दिसतं: पुढे जीप किंवा टेम्पो, मध्ये दोर, मागे मुकी गाडी. त्यातही मी फक्त जुन्या गाड्यांपुरतं लिहिलं आहे. फियाट, अ‍ॅम्बॅसिडर, स्टँडर्ड हेरल्ड, जुनी जीप, क्वचित एखादी डॉज किंवा शेवरले. नव्या गाडीबरोबर ओढण्याची कडी येते, ती कुठे बसवायची याचं चित्र तिच्या पुस्तकात असतं, आणि एक फोन केला की मदतीची गाडी येते. जुन्या गाडीच्या मालकाला हे सगळं स्वतः शोधावं लागतं, आणि बहुतेक वेळा शोधायला सवड नसते.

कारण या गाड्या हलवण्याची वेळ सांगून येत नाही. पेठेतला वाडा पाडायचा ठरतो. मागच्या अंगणात, पारिजातकाखाली वीस-पंचवीस वर्षं उभी असलेली आजोबांची गाडी आठ दिवसांत हलवा, असा निरोप येतो. कोथरूड-एरंडवण्यातल्या जुन्या सोसायट्या पुनर्विकासाला निघाल्या की हेच होतं. घरातले लोक आधी भंगारवाल्याला विचारतात. मग एखादी नात किंवा पुतण्या म्हणतो, थांबा, ही मी ठेवतो. तो क्षण फार मोलाचा असतो आणि फार धोक्याचाही. उत्साहात कुणीतरी ट्रॉलीचा दोर आणतं, कुणाची तरी एसयूव्ही दाराशी येते, आणि दोन दशकं न हललेली गाडी बंपरला गाठ मारून रस्त्यावर काढली जाते.

मी स्वतः अशीच काढली होती. ते इथे सांगायला हवं, कारण पुस्तिकेतलं प्रत्येक पान त्या दिवसातून आलेलं आहे.

१९९४ चा जून. वडील गेल्यावर त्यांची १९६८ सालची फियाट सासवडला मामाकडे गोठ्याशेजारच्या पडवीत चार वर्षं उभी होती. ती पुण्याला आणून चालू करायची असं मी ठरवलं. मी बावीस वर्षांची होते. परवाना मिळून वर्ष झालं होतं. मामाची जीप होती, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा नायलॉनचा दोर होता, वीसेक फूट लांब. टायरमध्ये हवा भरली, काच पुसली, देवाला नारळ फोडला. ब्रेक मी एकदा दाबून पाहिले. पेडल खाली गेलं आणि वर आलं. वर आलं म्हणजे चालतंय, असं मला वाटलं.

दिवे घाटापर्यंत सगळं छान गेलं. सपाटीवर ओढली जाणारी गाडी फार शहाण्यासारखी वागते आणि मागच्याला उगाच धीर येतो. घाट उतरायला लागल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या वळणाशी मामाने जीप हळू केली. फियाट मात्र आपल्या वजनाने पुढे आली. दोर सैल पडून रस्त्याला टेकला आणि माझं पुढचं चाक त्याच्यावरून गेलं. मी ब्रेक दाबला तर पेडल तळाला गेलं. तेवढ्यात मामाने वळण संपलं म्हणून जीप पुढे घेतली. जो हिसका बसला तो मला अजून मानेत जाणवतो. बंपर ब्रॅकेटांसकट उखडून दोराबरोबर निघून गेला आणि मी त्या उतारावर मोकळी झाले. हँडब्रेक ओढला, पेडलवर चार-पाच वेळा पाय मारला तेव्हा थोडा जोर लागला, आणि मी गाडी डोंगराच्या बाजूच्या चरात घातली. मडगार्ड चेपलं, दिवा फुटला. मला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. समोरून तेव्हा एसटी येत नव्हती, एवढंच.

मामा धावत आला. आधी मला बाहेर काढलं. मग बराच वेळ कठड्यावर बसून राहिला. शेवटी म्हणाला, “मला वाटत होतं मी गाडी ओढतोय. तू आहेस हे ध्यानातच नव्हतं गं.”

टोचन करताना होणाऱ्या बहुतेक चुका या एका वाक्यात मावतात. सगळ्यांचं लक्ष ओढण्यावर असतं. जीप ओढेल का, दोर टिकेल का, चढ चढेल का. पण ओढणं ही सोपी गोष्ट आहे. नऊशे किलोंच्या आसपासची फियाट सपाट रस्त्यावर तीन माणसं ढकलू शकतात. अवघड असतं ते थांबवणं, आणि थांबवण्याचं काम मागच्या माणसाकडे आहे. दोर फक्त ओढतो, तो रोखत नाही. पुढची गाडी थांबली की मागची थांबते ती तिच्या स्वतःच्या ब्रेकने, तिच्यात बसलेल्या माणसाच्या पायाने. वीस मीटरला एक मीटर उतरणारा साधा उतार घेतला तरी फियाटला तो पंचेचाळीस किलोंच्या जोराने खाली खेचत राहतो, जवळपास सिमेंटच्या एका पोत्याएवढ्या, आणि क्षणभरही न थांबता.

आता कायद्याकडे येते. १९८९ मध्ये केंद्र सरकारने रस्त्यावरच्या वर्तनाचे जे विनियम केले, त्यात ओढण्याचा स्वतंत्र नियम होता. ओढली जाणारी गाडी यांत्रिकदृष्ट्या बंद पडलेली किंवा अर्धवट जुळणी झालेली असावी. तीही पोहोचती करण्यासाठी, किंवा जवळच्या गॅरेजपर्यंत अथवा पेट्रोल पंपापर्यंतच ओढावी. तिच्या चालकाच्या जागेवर ती गाडी चालवण्याचा परवाना असलेला माणूस असावा, नाहीतर तिची पुढची, वळणारी चाकं क्रेनने रस्त्यापासून वर उचललेली असावीत. दोन गाड्यांमधलं अंतर कधीही पाच मीटरपेक्षा जास्त नसावं. दोर किंवा साखळी इतरांना सहज दिसेल अशी करावी. मागच्या गाडीच्या पाठीवर पांढऱ्या पाटीवर काळ्या अक्षरांत ‘ऑन टो’ असं लिहिलेलं असावं, अक्षरं किमान ७५ मिलिमीटर उंच. आणि वेग ताशी २४ किलोमीटरच्या वर जाऊ नये. चोवीस हा आकडा विचित्र वाटतो, पण मैलात केला की पंधरा होतो, आणि ७५ मिलिमीटर म्हणजे तीन इंच. मैल आणि इंच मोजणाऱ्या काळातलं शहाणपण मीटरमध्ये लिहून ठेवलेलं आहे. २०१७ मध्ये या विनियमांची जागा नव्या मोटार वाहन (चालन) विनियमांनी घेतली. ओढण्याचा विषय त्यातही आहे. कोणतीही गाडी दोराला लावण्याआधी चालू मजकूर एकदा स्वतः वाचावा, गॅरेजवाल्याच्या तोंडून ऐकलेल्यावर विसंबू नये.

दिवे घाटातल्या त्या दिवसापाशी हे नियम ठेवून पाहिले तेव्हा मी हादरले. दोर वीस फुटांचा, म्हणजे सहा मीटर. त्याच्यावर एक चिंधीसुद्धा नव्हती. पाटी नव्हती. वेग किती होता कुणास ठाऊक, पण चोवीस नव्हता. सासवडहून पुणे हे जवळचं गॅरेज नव्हे. सगळ्या अटींपैकी एकच आम्ही पाळली होती, ती म्हणजे माझ्याकडे परवाना होता. परवाना कायद्याला पुरतो. त्या जागेवर बसायला मात्र घरातल्या सगळ्यात अनुभवी माणसाने बसावं, आणि पुढची गाडी दुसऱ्याला द्यावी, असं माझं ठाम मत आहे. आपल्याकडे नेमकं उलट होतं. मोठा माणूस पुढच्या गाडीत, आणि मागे ‘नुसतं स्टीअरिंग धरायला’ कुणीतरी पोरगा.

‘नुसतं’ या शब्दाबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. ताशी २४ किलोमीटर वेगाने पाच मीटरचं अंतर पाऊण सेकंदात संपतं. पुढच्या गाडीचा लाल दिवा पाहून, मेंदूपर्यंत जाऊन, पायापर्यंत येईतो माणसाला साधारण तेवढाच किंवा जास्त वेळ लागतो. म्हणजे पुढच्याचा दिवा बघून ब्रेक मारणारा मागचा माणूस उशिराच मारणार. त्याने पुढच्या गाडीकडे न बघता तिच्या काचेतून पलीकडे बघायचं असतं: सिग्नल कुठे आहे, रिक्षा कुठे थांबतेय, गतिरोधक कुठे आहे. आणि पुढच्याच्या आधी हलका ब्रेक धरायचा असतो, जेणेकरून दोर सतत ताठ राहील. दोघांच्या प्रवासात पहिला ब्रेक नेहमी मागच्याचा. पुढच्याने क्लच इतक्या हळू सोडायचा की दोर आधी ताणला जाईल आणि मग गाडी हलेल. थांबायचं असेल तर पुढच्याने खूप आधी हाताने खूण करायची. एक हॉर्न म्हणजे काय आणि दोन म्हणजे काय, हे निघण्यापूर्वी ठरवून मोठ्याने म्हणून घ्यायचं. मोबाइल हातात धरून बोलत टोचन करणारे मी पाहिले आहेत. त्यांच्या मागच्या गाडीत आपलं मूल आहे अशी कल्पना त्यांनी एकदा करावी.

पुणे शहरात याहून वेगळा एक धोका आहे आणि त्याची मला सगळ्यात जास्त भीती वाटते. पाच मीटर ही जागा दुचाकीला पुष्कळ आहे. सिग्नलला दोन गाड्यांच्या मध्ये फट दिसली की पुण्यातला दुचाकीस्वार तिच्यातून जातो. हात, पाय, आरसे सगळं सवयीने आखडून जातो. त्या फटीत गुडघ्याच्या उंचीवर ताणलेला दोर आहे हे त्याला दिसत नाही. तो शिरतो आणि नेमका तेव्हा सिग्नल सुटतो. म्हणून दोर दिसणं ही सरकारी औपचारिकता समजू नका. दर हातभर अंतरावर लाल कापडाच्या रुंद पट्ट्या बांधा, आणि मधोमध एक जुनी गोधडी किंवा ओलं पोतं टाका. दोर तुटलाच तर त्याच्या वजनाने तो जमिनीकडे जातो, चाबकासारखा काचेवर येत नाही. नायलॉनचा दोर ताणला जातो तेव्हा स्वतःत जोर साठवत असतो, आणि तुटताना तो सगळा जोर परत देतो. साखळी ताणत नाही, त्यामुळे तिचा प्रत्येक हिसका थेट जुन्या पत्र्यात जातो. दोन्ही टोकांना कड्या असलेला लोखंडी टो बार मला दोघांपेक्षा बरा वाटतो, कारण तो सैल पडत नाही आणि फटही कमी ठेवतो. पण तो लावायला दोन्ही गाड्यांना मजबूत जागा हवी, आणि जुन्या गाडीचं दुखणं तिथेच आहे.

कारण बंपर ही मजबूत जागा नाही. क्रोमचा जाड पत्रा बघून तसं वाटतं. तो दोन ब्रॅकेटांवर टांगलेला असतो आणि ती ब्रॅकेटं चाळीस-पन्नास पावसाळे पाहिलेली असतात. जीपला वेगळी चासी आहे, तिला कुठे बांधावं हे शोधावं लागत नाही. अ‍ॅम्बॅसिडर आणि फियाट यांना अशी वेगळी चासी नाही. पत्र्याची बॉडी हीच त्यांची हाडं. म्हणून गाडी जॅकवर घेऊन, खाली सरपटून, पुढच्या आडव्या मेंबरवर जिथे सस्पेन्शन जोडलेलं आहे त्या दोन्ही बाजूंना दोर घ्यावा आणि मध्ये एकत्र आणावा, म्हणजे ओढ सरळ राहते. पत्र्याची धार लागते तिथे टायरच्या ट्यूबचा तुकडा घालावा. स्टीअरिंगचा टाय रॉड हाताला सोयीचा लागतो, पण त्याला कधीच बांधू नये. तो वाकला तर चाकं तुमचं ऐकायची थांबतात. गाठीऐवजी शॅकल वापरावी, कारण गाठीपाशी दोर सगळ्यात कमजोर असतो.

ब्रेकबद्दल पुस्तिकेत एक पूर्ण प्रकरण आहे, इथे एवढंच. उभ्या गाडीचं ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, चाकांमधले सिलिंडर आतून गंजतात, रबराचे वॉशर कडक होतात. पेडल वर येतं म्हणजे ब्रेक लागतो, ही माझी १९९४ ची समजूत होती. खरी परीक्षा अंगणातच घ्यावी. चार माणसांनी गाडी दहा पावलं जोरात ढकलावी आणि आतल्याने थांबवावी. एकदा नाही, सलग पाच वेळा. पाचव्यांदाही ती जागच्या जागी थांबली नाही, तर ती गाडी दोराला लावायची नाही. या एका नियमाला मी आजवर अपवाद केलेला नाही.

गिअरबॉक्सचा मुद्दा मात्र फार थोड्यांना माहीत असतो. गाडी न्यूट्रलमध्ये आहे म्हणजे आत काही फिरत नाही, असं वाटतं. मागची चाकं जमिनीवर असली की प्रॉपेलर शाफ्ट फिरतो आणि त्याच्याबरोबर गिअरबॉक्सचा वरचा शाफ्ट फिरतो. तेल उडवून वर पोचवण्याचं काम खालच्या शाफ्टचं असतं, आणि त्याला फिरवतं ते इंजिन. इंजिन बंद, म्हणजे वरचा शाफ्ट कोरडा फिरत राहतो. गल्लीतून गॅरेजपर्यंत हे चालून जातं. पन्नास किलोमीटरमध्ये बेअरिंग भाजून निघतात. ऑटोमॅटिक गाड्यांचे हाल बहुधा याहून वाईट होतात. लांब न्यायचीच असेल तर मागचा शाफ्ट सोडवून काढून ठेवावा. नाना पेठेतल्या एका जुन्या मिस्त्रींनी मला हे समजावलं, तेव्हा त्यांनी उघडलेला गिअरबॉक्स समोर ठेवून माझा हात धरून शाफ्ट फिरवायला लावला होता. त्यांच्यासारख्यांचं ज्ञान कुठेच लिहिलेलं नाही, आणि ते लोक आता थोडे उरलेत.

एवढं सगळं सांगून झाल्यावर मी सरळ सांगते: बहुतेक वेळा गाडी ओढू नये, उचलून न्यावी. फ्लॅटबेड मागवावा. याला खर्चापलीकडचं एक कारण आहे आणि ते कायद्यातच आहे. चाकं जमिनीवर टेकलेली गाडी दोराने ओढली जात असली तरी ती रस्त्यावर वापरात असलेली मोटारच असते. तिची नोंदणी जिवंत आहे का, विमा आहे का, हे प्रश्न तिला लागू होतात. वाड्यातून निघालेल्या गाडीची नोंदणी बहुधा कधीच संपलेली असते. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी ती नव्याने करायची असते हे घरात कुणाला आठवत नाही. तीच गाडी चारही चाकं उचलून ट्रकवर ठेवली की ती माल होते. कागद मागितले जातात ते ट्रकचे. मालकीचे पुरावे मात्र जवळ ठेवावेत. विम्याचंही तसंच: दोराने ओढताना मागच्या गाडीचं जे नुकसान होईल ते पुढच्या गाडीच्या पॉलिसीत बसतं असं धरून चालू नये. पॉलिसीतलं ओढण्याचं कलम आधी वाचावं, निघताना नाही.

इथे ‘व्हिंटेज’ शब्दाचा घोळही मिटवून टाकते. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली आणि पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं ओलांडलेल्या, मूळ रूपात जपलेल्या दुचाकी-चारचाकींना व्हिंटेज म्हणून नोंदणी मिळू लागली. जुना नंबर असेल तर तो राहतो. नव्याने नोंदवलेल्यांना ‘व्हीए’ अक्षरं असलेला मिळतो. नव्या नोंदणीचं शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं. फियाटचं ‘पद्मिनी’ हे नाव १९७४ पासूनचं, म्हणजे पहिल्या पद्मिनींनी २०२४ मध्ये ही रेषा गाठली. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती अशा कामांसाठीच ही गाडी रस्त्यावर आणता येते. या नोंदणीने दोराला कोणतीही सूट मिळत नाही. चालू स्थितीतली सुंदर गाडी पेट्रोल वाचवायला रॅलीपर्यंत ओढत नेणं हे नियमात बसत नाही, कारण ती बंद पडलेली नाही. आणि ‘क्लासिक’ हा शब्द तर फक्त आपल्या प्रेमाचा आहे. ऐंशीच्या दशकातली कॉन्टेसा कितीही लाडकी असली तरी कायद्यापुढे ती इतर कोणत्याही मोटारीसारखीच आहे.

फ्लॅटबेडवरही चुका होतात. बॉडीला पट्टे आवळण्याऐवजी चाकांवरून आवळावेत, म्हणजे रस्त्यावरच्या धक्क्यांना सस्पेन्शन मोकळं राहतं. बॉनेट आणि डिकी बाहेरून बांधाव्यात. ‘डुक्कर’ या टोपणनावाच्या जुन्या फियाटची पुढची दारं उलटी उघडतात, त्यामुळे लॅच सैल असेल तर समोरचा वारा ती दारं धरून ओढतो, तीही बांधावीत. कव्हर घालून नेऊ नका. वाऱ्यावर फडफडणारं कव्हर हडपसरपासून शिरवळपर्यंतच्या प्रवासात रंगाला पॉलिश पेपरसारखं घासतं. चढवताना विंचची तार बंपरला लावणाऱ्या पोराला शांतपणे थांबवा आणि खाली वाकून योग्य जागा दाखवा. त्याने आयुष्यात फक्त नव्या गाड्या चढवलेल्या असतात.

परदेशात हे प्रश्न लवकर पडले, म्हणून उत्तरंही लवकर निघाली. अमेरिकेतल्या चॅटनूगा गावच्या अर्नेस्ट होम्सने ओढ्यात पडलेली एक मोटार दोर, ठोकळे आणि सहा माणसं लावून बाहेर काढली, आणि त्या कष्टातून १९१६ मध्ये त्याने गाडी उचलणारी गाडी बनवली. ब्रिटनमध्ये दोराची मर्यादा साडेचार मीटर आहे, आणि दीड मीटरच्या वर गेला की तो दिसेल असा करावाच लागतो. तिथले शौकीन आपल्या मोटारीमागे ब्रेक असलेला ट्रेलर लावून जुनी गाडी नेतात. आपल्याकडे ट्रेलर म्हटलं की उसाची ट्रॉली आठवते. खासगी मोटारीमागे लावायचा ट्रेलर इथेही नोंदवावाच लागतो, त्याला नंबर आणि दिवे लागतात. कुणी वेल्डिंगवाल्याकडून घरगुती ट्रेलर करून घेत असेल तर त्याने आधी संगम पुलाजवळच्या आरटीओत जाऊन विचारावं, लोखंड नंतर घ्यावं.

रस्त्यांचं म्हणाल तर माझी यादी छोटी आहे. दिवे, बोपदेव, कात्रज, खंबाटकी, बोरघाट: इथे दोर नाही, कितीही जवळचं अंतर असलं तरी. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार तर चांगल्या ब्रेकच्या ट्रकनाही आवरत नाही. त्या उतारावर चोवीसच्या वेगाने दोराला बांधलेली गाडी म्हणजे मागून येणाऱ्या प्रत्येकासाठी अचानक उभी राहिलेली भिंत. द्रुतगती मार्गाचं नाव काढू नये. राष्ट्रीय महामार्गावर बंद पडलात तर गाडी कडेला घ्या, माणसांना कठड्याच्या पलीकडे उभं करा आणि १०३३ ला फोन लावा. शहरात ओढणं अटळच असेल तर पहाटे, उजेड फुटल्यावर, रविवारी. रात्री नाही. जुन्या दिव्यांचा मागून उजेड पडत नाही, आणि हॅझर्ड दिवे बहुतेकींना नसतातच. बॅटरीवर चालणारे लाल दिवे मागच्या काचेला लावावेत, ‘ऑन टो’ची पाटी डिकीच्या झाकणाला. आणि शक्य असेल तर मागे तिसरी गाडी, चारही इंडिकेटर लावून, दुचाक्यांना फटीपासून दूर ठेवायला.

फियाट चरातून निघाल्यावर तीन वर्षं मामाच्या पडवीतच राहिली. १९९७ मध्ये पैसे जमवून मी तिला ट्रकवर चढवून पुण्याला आणलं. मामा ट्रकच्या केबिनमध्ये माझ्या शेजारी बसला होता. दिवे घाट उतरताना तो दर वळणाला मागच्या छोट्या काचेतून वळून बघत होता. मी विचारलं, काय बघतोस रे? म्हणाला, “आत कुणी नाही ना, ते.”

पुणे
विजयादशमी